गिळलेल्या गोळ्यांचं काय झालं

१

फाइलीत एकच ओळ होती. ती वाचून आर्लीन हॉस्टेटरचं डोकं फिरलं.

"घरी रुग्णाला गोळी दिली जात नसावी. पत्नीवर संशय. काउंटीला कळवले."

संशय म्हणे. ज्याला उत्तर सापडत नाही त्याला बाई सापडते, ही जगाची जुनी रीत. हॉस्पिटलं काही जगाबाहेर नसतात.

बेन्युएल रील, वय अठ्ठावन्न, घोड्यांचे साज शिवणारा. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गुलाबी गोळी घ्यायची, रक्त पातळ ठेवणारी. एकोणपन्नास दिवस सगळं सुरळीत चाललं. सोमवारी सकाळी तो शिवणयंत्रावरच कोसळला. नळी उघडून पाहिली तर स्टेंट गुठळीनं ठासून भरलेला. आत दुसरा स्टेंट घातला, माणूस वाचला.

आज गुरुवार. बायकोला त्याच्या खोलीत येऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता. उद्या दहा वाजता काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीतली, बाई चौकशीला येणार होती.

बायकोचं नाव आरी. तिनंच शेताच्या टोकावरच्या फोनच्या खोपटातून आर्लीनला फोन केला होता. आर्लीन नर्स, पण हॉस्पिटलातली नव्हे. शेतांच्या कडेला आमिशांच्या, म्हणजे घरात फोन-मोटार न ठेवणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती लोकांच्या आजारांवर संशोधन करणारं एक छोटं क्लिनिक होतं, तिथं तिची सव्वीस वर्षं गेली. तिची आजी आमिशांतून बाहेर पडलेली, त्यामुळे तिला त्यांची भाषा येई आणि लोक तिला पुढच्या नव्हे, स्वयंपाकघराच्या दारानं घरात घेत.

आरी फोनवर दोनच वाक्यं बोलली. "मी गोळ्या दिल्या. आणि हॉस्पिटलात अजून तीच गोळी देतायत, म्हणजे तो पुन्हा पडणार."

पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आर्लीनला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वाक्यानं मात्र तिच्या अंगावर काटा आला.

२

"बस," आरी म्हणाली. "कॉफी देऊ? की माझ्या हातची नको?"

"दे. ब्रेडला सफरचंदाचा मुरंबाही लाव. विष घालायचं असेल तर निदान गोड तरी लागू दे."

आरी हसली नाही, पण मुरंबा जाड लावला. ती ओहायोची विधवा. दोन वर्षांपूर्वी बेन्युएलशी लग्न करून लँकॅस्टरला आली. पहिली बायको सुविला वारल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आरी मलमं आणि झाडपाल्याचे चहा विकायची. संशय घ्यायला लोकांना एवढं पुष्कळ होतं.

तिनं बाटली टेबलावर आपटली. "नव्वद होत्या. एकोणपन्नास दिवस झाले. मोज."

आर्लीननं मोजल्या. एक्केचाळीस.

"यानं काही सिद्ध होत नाही, आरी. रोज एक कोंबड्यांना टाकली असतीस तरी एक्केचाळीसच उरल्या असत्या."

"ओमरही असंच म्हणतो. तू त्याची मावशी का गं?"

"झाडपाला दिलास बेन्युएलला?"

"डॉक्टर नको म्हणाले त्या दिवशी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली त्याच्याच खिशात आहे. त्याला विचार की. तो काही मुका नाही झालेला."

"विचारलंय म्हणे सगळ्यांनी. तो म्हणतो, गोळी घेतली."

"आणि ते म्हणतात, बायकोला वाचवतोय." आरीनं पाठ वळवली. "आमच्यात खोटं बोलत नाहीत. बाहेरच्यांना ते खरंच वाटत नाही."

ओमर, बेन्युएलचा थोरला मुलगा, साजांच्या दुकानात होता. चामड्याच्या वासात तो हातातला टोचा खुपसत बसला होता, जणू समोर चामडं नव्हतं, सावत्र आईच होती.

"तुला पुरावा हवाय ना?" त्यानं फळीवरून एक डबा काढला. "हा घे. सोमवारी संध्याकाळी कोंबड्यांच्या भांड्यात सापडला."

डब्यात गुलाबी, अर्धवट विरघळलेले चार गोल तुकडे होते. आकार तोच आणि रंगही तोच. आरीच्या शब्दावर आपण विश्वास ठेवत आलो होतो, हे आर्लीनला तेव्हाच कळलं.

तिनं एक तुकडा उचलला, फडक्यानं पुसला आणि दाताखाली धरला.

"काय करतेस? कोंबड्यांचं खरकटं आहे ते," ओमर ओरडला.

ती चघळत राहिली. मग म्हणाली, "ओमर, रविवारच्या तीन तासांच्या प्रार्थनेत तुझे वडील तोंडात काय धरून बसतात?"

ओमरनं डब्यात पुन्हा वाकून पाहिलं. सगळे म्हातारे तेच धरून बसतात. गुलाबी पेपरमिंट, खिशातून खिशात फिरणारी.

दारातून आवाज आला. आरी होती. "डॉक्टरांनी साखर बंद सांगितली होती. याच्या कोटाच्या खिशात अर्धा पौंड निघाल्या. फेकल्या. मला विचारलं असतंस तर सोमवारीच सांगितलं असतं."

पुरावा गोड निघाला. तोंडातली चव जाण्याआधीच आर्लीन गाडीत बसली. आरी खरं बोलत असेल, तर एकोणपन्नास गोळ्या बेन्युएलच्या पोटात गेल्या होत्या. मग त्या तिथं करत काय होत्या?

३

बेन्युएलवर उपचार करणारा डॉ. प्रायर मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"माझ्याकडे वेळ नाही, मिस हॉस्टेटर."

"बेन्युएलकडे त्याहून कमी आहे. सोमवारपासून गोळी कोण देतंय त्याला?"

"आमच्या नर्स."

"म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत गिळतोय. मग प्लेटलेटची चाचणी करा. रक्त अजून चिकट असेल, तर चोर घरात नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "सकाळीच केली. रात्रभर तोच प्रश्न मलाही छळत होता. गोळी लागू पडत असेल तर आकडा दोनशेच्या खाली हवा. दोनशे एक्काहत्तर आलाय."

"मग काउंटीला फोन करून सांगा की बाई निर्दोष आहे."

"सांगू काय? नुकताच झटका आलेल्या माणसात हा आकडा थोडा फसवा असू शकतो. आणि हे बघा." त्यानं फाइलीतून एक जुनं पत्र काढलं. वर आर्लीनच्याच क्लिनिकचं नाव होतं. "ही गोळी पोटात जाते तेव्हा कच्ची असते. यकृत तिला शिजवतं, तेव्हा ती कामाची होते. काही माणसांच्या जनुकातच खोट असते, चूल पेटतच नाही. त्यांनी गोळी गिळली काय, खडा गिळला काय, सारखंच. पण बेन्युएल रीलची चूल उत्तम आहे. तुमच्याच लोकांनी सहा वर्षांपूर्वी लिहून दिलंय. ऑगस्टमध्ये मुलानं आईच्या कागदांतून शोधून आणलं, म्हणून मी पुन्हा तपासणी केली नाही."

"दुसरी गोळी आहे. जिला शिजवावं लागत नाही."

"आहे. आणि ती जास्त जोरकस आहे. दोन वर्षांपूर्वी या माणसाच्या पोटात व्रण फुटून तो मरता मरता वाचला. पत्र खरं असेल आणि मी ती गोळी दिली, तर तो रक्तस्रावानं जाईल. पत्र खोटं असेल आणि मी ती दिली नाही, तर गुठळीनं जाईल. नवी जनुक तपासणी पाठवलीय. मंगळवारी येईल."

"मंगळवारपर्यंत स्टेंट टिकेल?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा हा प्रामाणिकपणा आर्लीनला आवडला. "हे पत्र खोटं आहे का, एवढं मला सांगा. मी त्याच क्षणी गोळी बदलतो."

४

क्लिनिकच्या तळघरात सहा वर्षांपूर्वीच्या त्या जनुक-संशोधनाचे एकशे बासष्ट कागद लोखंडी कपाटात होते. बेन्युएलचा शोधायला तिला दोन मिनिटं लागली आणि वाचायला अर्धा मिनिट. मग ती तशीच जमिनीवर बसली.

अक्षर तिचं स्वतःचं होतं.

तिला तो दिवस आठवेना. आठवणार कसा? त्या महिन्यात काळी टोपी, दाढी आणि निळा सदरा घातलेले सत्तर पुरुष तिच्यासमोर रक्त द्यायच्या खुर्चीत बसून गेले. आमिश माणूस फोटो काढत नाही, म्हणून ओळखपत्रावर चेहराही नसतो. लोकांच्या घरी जाऊन त्यांचं कार्ड भरून द्यायचं, त्यावर नाव, जन्मतारीख, क्रमांक. कार्ड घेऊन जो येईल त्याचं रक्त घ्यायचं. अशी पद्धत होती, आणि ती पद्धत बसवली होती आर्लीननंच.

कागदावर तिनं लिहिलं होतं: "उजव्या दंडावर गाईच्या लाथेची ताजी सूज. रक्त डाव्या हातातून घेतले." खाली रक्तगट होता, ए.

बेन्युएलकडे एक घोडी होती. गाय त्याच्या दावणीला कधीच नव्हती.

तिनं हॉस्पिटलच्या रक्तपेढीला फोन लावला. "सोमवारी बेन्युएल रीलसाठी रक्त राखून ठेवलंत. गट कुठला?"

"ओ," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"पुन्हा बघ."

"दोनदा तपासतो आम्ही, बाई. ओ."

तिनं रिसीव्हर ठेवला. माणसाचं वजन बदलतं, बायको बदलते, मत बदलतं. रक्तगट बदलत नाही. प्रयोगशाळेत नळ्या उलटसुलट झाल्या असतील का? तसं म्हणून सुटता आलं असतं. पण लाथेची सूज प्रयोगशाळेत दिसत नाही. ती खुर्चीत दिसते. म्हणजे बेन्युएलचं कार्ड हातात घेऊन गाईची लाथ खाल्लेला कोणी दुसराच माणूस तिच्यासमोर बसला होता, आणि तिनं त्याला तू कोण हे विचारलं नव्हतं.

सकाळपासून ती हॉस्पिटलवर दात खात होती. सुई मात्र तिची होती.

आता एकच प्रश्न उरला. रील मंडळींत गाई कुणाकडे आहेत? याचं उत्तर अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

५

अक्विला रील, बेन्युएलचा धाकटा भाऊ. शेजारचंच शेत, चाळीस गाई. धारेची वेळ होती. तो गाईंच्या ओळीत वाकून आचळांना यंत्राचे पेले लावत होता. मागून पाहिलं तर हुबेहूब बेन्युएल.

"अक्विला, सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये तू माझ्या खुर्चीत बसला होतास?"

"हो." त्यानं मान वर केली नाही.

"बेन्युएल म्हणून?"

"छे. अक्विला म्हणून. कार्ड त्याचं होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस, हे बेन्युएल रीलचं कार्ड ना? मी म्हटलं हो. त्याचंच होतं ते. मग तू म्हणालीस बाही वर कर. केली." तो पुढच्या गाईकडे सरकला. "हिच्यापासून जरा लांब उभी राहा. त्या वेळी हिच्या आईनंच मला लाथ घातली होती. स्वभाव उतरलाय."

आर्लीननं दात आवळले. "त्याच्याऐवजी तू का आलास, ते सांग."

"चार दिवसांवर फायर कंपनीच्या बंबांसाठी पैसे जमवायचा लिलाव होता, दर मार्चला चिखलात भरतो तो. त्यानं सहा साज द्यायचे कबूल केले होते आणि शिवून झाले होते तीन. त्याआधीच्या वर्षी माझा हात मोडला तेव्हा पाच आठवडे माझ्या धारा कुणी काढल्या? त्यानं. मग त्याच्यासाठी मी थोडं रक्त दिलं तर काय मोठं केलं? सुविला तर म्हणाली, रक्त नाही गेलं तर आर्लीनचा आकडा एकानं कमी पडेल, बिचारी आशेवर बसलीय."

"आकडा," आर्लीन म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना. यांच्यात धान्याचं कोठार जळालं तर दोनशे माणसं येऊन दोन दिवसांत नवं उभं करतात. कुणाचा हातोडा कुणाच्या हातात, हे कोण बघतं? तसंच रक्ताचं.

"आणि आमची आई एक, बाप एक," अक्विला म्हणाला. "रक्त निराळं कसं असणार?"

"एका गाईची, एकाच वळूची दोन वासरं तुझ्या दावणीला आहेत?"

"आहेत. ही आणि ती पांढरी."

"दोघी सारखं दूध देतात?"

"कुठलं. ती बादली भरते, ही..." तो थांबला. हातातला पेला निसटून फरशीवर आपटला. यंत्र नुसतीच हवा ओढू लागलं. त्यानं गाईच्या पाठीवर हात टेकला.

"आर्लीन," तो हळू म्हणाला, "माझ्या रक्तावर त्याला औषध दिलं त्यांनी?"

"बेन्युएलला माहीत होतं तू गेलास ते?"

"हो."

"मग तो बोलला का नाही?"

"कुणी विचारलं असेल का त्याला?"

धारा अर्ध्यावर टाकून, बायकोला हाक मारून, अक्विला होता तसा शेणाच्या बुटांनी तिच्या गाडीत बसला. ती गाडी काढते न काढते तोच हॉस्पिटलातून फोन आला. बेन्युएलच्या छातीत पुन्हा कळा सुरू झाल्या होत्या.

६

सव्वीस वर्षांत आर्लीननं वेगाची मर्यादा कधी ओलांडली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं मक्याच्या दोन गाड्या आणि एका बग्गीला मागे टाकलं. अक्विला डोळे मिटून बसला होता. "प्रार्थना करतोयस?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला, "पोटात ढवळतंय."

खोलीच्या दारातच डॉ. प्रायर ईसीजीची पट्टी हातात धरून उभा होता. "नळी पुन्हा अरुंद होतेय. बोला लवकर."

"पत्र खरं आहे," आर्लीन म्हणाली, "फक्त ते या अक्विलाचं आहे. भावाच्या कार्डावर हा बसला, आणि मी विचारलं नाही. कागदावर रक्तगट ए आहे. तुमचा रुग्ण ओ. याच्या बोटाचा थेंब घ्या, पाच मिनिटांत कळेल."

तीन मिनिटं लागली. ए.

प्रायर पलंगाजवळ गेला. बेन्युएल घामानं भिजला होता, ओठ निळसर, पण शुद्धीत होता. आरी भाड्याच्या गाडीनं येऊन पोचली होती, पण दाराबाहेरच उभी होती, कारण आत यायची तिला परवानगी नव्हती.

"मिस्टर रील, सहा वर्षांपूर्वी ते रक्त तुम्ही दिलं होतं?"

"नाही. अक्विलानं."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

बेन्युएलनं श्वास गोळा केला. "तुम्ही गोळीबद्दल विचारलंत. चार दिवस सगळ्यांनी गोळीबद्दलच विचारलं. गोळी मी घेतली."

प्रायरनं वळून नर्सला दुसऱ्या गोळीचं नाव सांगितलं. मग दाराकडे बघून म्हणाला, "आणि त्या बाईंना आत घ्या. पाण्याचा पेला त्यांच्या हातात द्या."

शुक्रवारी सकाळी आठला पुन्हा प्लेटलेटची चाचणी झाली. दोनशे एक्काहत्तरचा आकडा अडतीसवर आला होता. छाती शांत, नळी मोकळी. पोटावर सक्त लक्ष ठेवलं होतं, तिथंही सगळं ठीक होतं. बेन्युएलनं पेपरमिंट मागितली. आरी नाही म्हणाली.

दहाला काउंटीची बाई आली. तिच्याबरोबर हॉस्पिटलचा व्यवस्थापक आला, कोट घालून, कागद तयार करून. त्यानं वाचून दाखवलं: "नमुन्याच्या ओळखीसंदर्भात गोंधळ झाल्याचे आढळले."

"कुणाकडून?" आर्लीननं विचारलं.

"तसं कुणाचं नाव घालायची गरज नाही. तुमच्याही दृष्टीनं..."

"गोंधळाला हात नसतात, साहेब. सुई हातानं टोचतात. बाईचं नाव घालताना तुम्हाला अडचण वाटली नाही, फाइलीत एका ओळीत घातलंत. आता माझं घाला. आर्लीन हॉस्टेटर. समोर बसलेला माणूस कोण, हे तिनं विचारलं नाही. आणि आरी रील निर्दोष आहे, हे वाक्य वेगळं लिहा, आधी लिहा."

काउंटीच्या बाईनं ते आधी लिहिलं.

बाहेर ओमर टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानंच आणून दिलेलं पत्र वडिलांचं नव्हतं, हे त्याला रात्रीच कळलं होतं. तो रात्रभर झोपला नसावा.

"मी चुकलो," तो आरीला म्हणाला.

आमिश माणूस क्षमा मागितली की करतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. जगाला आरी ठाऊक नव्हती.

"हो, चुकलास," ती म्हणाली. "क्षमा मी रविवारी करीन, सगळ्यांसमोर, नीट. आज तू घरी जा आणि कोंबड्यांचं भांडं घास. चार दिवस कुणी हात लावलेला नाही त्याला." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि जेवून घे. ओव्हनमध्ये ठेवलंय."

७

क्लिनिकचे संचालक म्हणाले की सगळ्यांना पत्रं पाठवू, महिनाभरात होईल. आर्लीन म्हणाली, महिनाभरात एकोणपन्नास दिवसांतले तीस जातात. तिनं तळघरातले एकशे बासष्ट कागद दोन खोक्यांत भरले आणि शनिवारी सकाळी स्वतःच निघाली. एक रील कुटुंब तेवढं चुकलं असेल, बाकीचे आपापल्या पायांनी आले असतील, असं ती स्वतःला बजावत होती.

पहिलं घर मॅटी झूकचं. पासष्टीची बाई, स्वयंपाकघरात भोपळे चिरत होती. ती बस म्हणण्याआधीच आर्लीननं विचारून टाकलं.

"मॅटी, सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे तुझ्या नावानं रक्त दिलं गेलं. तो दंड कुणाचा होता?"

मॅटी खळखळून हसली. "कळलं होय तुला? अगं, त्या दिवशी माझ्याकडे लग्नाची बोलणी होती, चाळीस माणसांचं जेवण. मी कुठली येतेय? माझ्या जावेला पाठवलं. तिचं रक्त माझ्यापेक्षा चांगलंच असेल बघ, मेली कधी आजारी पडत नाही."

आर्लीननं खोकं खाली ठेवलं. "आणि तुला आता कसली गोळी चालू आहे का?"

"ती होय?" मॅटीनं सुरीनं खिडकीतल्या बाटलीकडे दाखवलं. "गुलाबी. जूनमध्ये स्टेंट घातला ना मला. का गं?"